शहरातली झोनबंदी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, कृषिपंपाचं वीजबिल आहे. त्यांच्यामध्ये हा आमचा विषय म्हणजे पऱ्हाटीच्या तासात उगवलेला भलताच धांडा वाटेल. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात नगरपालिकांना आपले बांधकामाचे नियम राज्याच्या घरांच्या कायद्याबरहुकूम बदलावे लागताहेत, त्यावर आम्हाला बोलायचंय. कोरडवाहू माणसाला त्याचं काय, असं मागच्या रांगेतून कोणी म्हणेल. म्हणू द्या. तासाभरानं विचारू.

झोन हा शब्द आपल्याला नवा नाही. इथं बसलेल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना झोनबंदी आठवत असेल. साठ-सत्तरच्या दशकात ज्वारीचं पोतं हद्दीपलीकडे न्यायचं तर परवाना लागायचा. १९७२ पासून पुढची सुमारे तीस वर्षं एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस आपला, वावर आपलं, घाम आपला, पण राज्याची हद्द ओलांडून बैलगाडी नेली की आपण चोर. नकाशावर एक रेघ ओढायची आणि रेघेच्या अलीकडे एक भाव, पलीकडे दुसरा भाव करून टाकायचा. याचं नाव झोन. आता हीच रेघ मालाऐवजी जमिनीवर ओढली तर काय होतं, ते बघा. या चौकोनात फक्त कारखाने, त्या चौकोनात फक्त दुकानं आणि या मोठ्या हिरव्यागार चौकोनात फक्त एका कुटुंबाचं एक घर. शहरी भाषेत याला झोनिंग म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या नगरपालिकांनी हे शंभर वर्षांहून जास्त काळ चालवलं.

त्याची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. मोडेस्टो नावाचं गाव आहे, भोवती सगळी शेती. १८८५ साली तिथल्या नगरपालिकेनं ठराव केला की कपडे धुण्याचे धंदे रेल्वेच्या रुळांपलीकडे, गावाच्या एका ठरावीक भागातच चालतील. ठरावात धोबीकामच लिहिलं होतं, माणसांचं नाव कुठंच नव्हतं. पण ते काम करत होते चिनी लोक. कायद्याच्या भाषेची ही खुबी असते, भावांनो. नाव घ्यायचं नाही, पण नेमकं ज्याला काढायचं तोच निघाला पाहिजे. पुढं १९१६ मध्ये बर्कले शहरानं एका वस्तीत एका प्लॉटवर एकच घर असा नियम केला. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की माणसाच्या वंशावरून वस्त्यांचे पट्टे पाडता येणार नाहीत. बरोबर. मग वंश लिहायचा नाही, घराचा आकार लिहायचा. प्लॉट एवढा मोठा पाहिजे, घर एकच पाहिजे, भाड्याच्या खोल्या चालणार नाहीत. गरीब आपोआप बाहेर, आणि त्या काळी गरीब कोण होते ते वेगळं सांगायला नको. १९२६ मध्ये ओहायो राज्यातल्या युक्लिड या गावाच्या खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयानं झोनिंग मान्य केलं. निकालपत्रात भाड्याच्या चाळींना, म्हणजे अपार्टमेंटला, चक्क बांडगुळाची उपमा दिली. आमराईत बांडगूळ वाढलं की झाड मरतं, तसं चांगल्या वस्तीत भाडेकरू आले की वस्ती मरते, असा त्याचा भावार्थ.

पुढं काय झालं असेल ते बाजार समितीत एक दिवस उभा राहिलेला माणूस सांगू शकेल. आवक बांधून ठेवली आणि गिऱ्हाईक वाढत गेलं की भाव चढतो. लॉस एंजेलिस शहरातल्या राहण्याच्या जमिनीपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश जमिनीवर वर्षानुवर्षं एका प्लॉटवर एकच घर हाच नियम होता. लोकसंख्या वाढली, नोकऱ्या वाढल्या, सिलिकॉन व्हॅली उभी राहिली, घरं मात्र तेवढीच. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्या राज्यात विकल्या जाणाऱ्या मधल्या किमतीच्या घराचा भाव नऊ लाख डॉलरच्या वर गेला. ज्यांची घरं आधीच होती त्यांना हा भाव गोड लागला यात नवल नाही. आणि नगरपालिकेला मत कोण देतं? जो आत राहतो तो. ज्याला आत येता आलं नाही त्याचं मत दुसऱ्याच गावात.

यात पैशाचाही एक धागा आहे. १९७८ मध्ये तिथल्या मतदारांनी घरपट्टीला लगाम घातला. खरेदीच्या वेळच्या किमतीवर साधारण एक टक्का, आणि मूल्यांकन वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही. करदात्याच्या बाजूनं पाहिलं तर आम्हाला त्यात वाईट दिसत नाही. पण नगरपालिकेचा हिशेब बदलला. नवं घर आलं की गटार, शाळा, पोलीस यांचा खर्च येतो. नवं मोठं दुकान आलं की विक्रीकराचा हिस्सा येतो. मग दुकानाला पायघड्या आणि घराला दहा दाखले.

ज्यांना शहरात जागा मिळाली नाही ते कुठं गेले? नर्स, मास्तर, बस चालवणारा, हॉटेलात भांडी घासणारा, हे सगळे डोंगर ओलांडून शेतीच्या खोऱ्यात गेले. ट्रेसी, स्टॉकटन, मोडेस्टो. मोडेस्टोपासून सॅन फ्रान्सिस्को सुमारे दीडशे किलोमीटर. तिथं राहून रोज इकडे कामाला येणारी माणसं आहेत. म्हणजे ज्या गावानं १८८५ मध्ये धोब्यांना रुळांपलीकडे ढकललं, त्याच गावाच्या वावरांत आज दुसऱ्या शहरांनी ढकललेली माणसं राहताहेत. हे सॅन वाकीन खोरं म्हणजे कापूस, बदाम, द्राक्ष पिकवणारा मुलूख. (तिथली कपाशी ओलिताची असते, आपल्यासारखी मृगाकडे डोळे लावून बसलेली नसते, एवढा फरक.) शहरानं दोन मजले चढवायला नकार दिला की घरं आडवी पसरतात आणि आडवी पसरायला जागा शेतीचीच असते.

आता राज्य सरकारकडे वळू. १९६९ मध्येच कॅलिफोर्नियानं कायदा केला होता की प्रत्येक शहरानं आपल्या विकास आराखड्यात घरांचं एक प्रकरण लिहिलंच पाहिजे. सर्व उत्पन्नगटांसाठी किती घरं लागतील आणि ती कुठं बसतील, जमीन दाखवा. राज्य दर आठ वर्षांनी, पूर्वी दर पाच वर्षांनी, प्रत्येक विभागाला घरांचा आकडा देतं, विभाग तो शहराशहरांत वाटतो. चालू फेरीत साऱ्या राज्याचा आकडा २५ लाख घरांचा आहे, आणि त्यात दहा लाखांवर घरं कमी उत्पन्नाच्या माणसांसाठी. कागद छान होता. पण जवळजवळ पन्नास वर्षं त्या कागदाला दात नव्हते. नगरपालिका प्रकरण लिहायच्या, नकाशावर जागा दाखवायच्या. कुठं? स्मशानाशेजारी, चालू असलेल्या दुकानाच्या जागेवर, उतारावर जिथं कोणी बांधणारच नाही तिथं. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात विहिरी असतात आणि वावरात नसतात, तशीच ही घरं.

दात बसवायला सुरुवात झाली ती २०१७ च्या सुमारास. एकामागून एक कायदे आले. त्यांचा गाभा असा की शहराचा नियम राज्याच्या कायद्याशी जुळत नसेल तर शहराचा नियम बाद. आराखडा वेळेत आणि खरा नसेल तर मालक राज्याचा कायदा हातात घेऊन सरळ अर्ज करील, आणि त्यात ठरावीक वाटा स्वस्त घरांचा असेल तर शहराला झोनचं कारण सांगून तो नाकारता येणार नाही. ही तरतूद १९९० पासून पुस्तकात होती, लोक तिला बिल्डरचा इलाज म्हणतात. बत्तीस वर्षं ती झोपलेली होती. २०२२ मध्ये सांता मोनिका शहराचा आराखडा वेळेत मंजूर झाला नाही, तेवढ्या मुदतीत चार हजारांवर घरांचे अर्ज या कलमाखाली येऊन पडले. त्यानंतर बाकीच्या नगरपालिकांनी आपले कागद किती घाईनं पुरे केले असतील याची कल्पना करा.

हंटिंग्टन बीच नावाचं समुद्रकाठचं शहर मात्र अडून बसलं. त्याच्या वाट्याला १३,३६८ घरांची जागा दाखवणं आलं होतं. त्यांनी आराखडाच मंजूर करायचं नाकारलं, राज्याविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात गेले. तिथं २०२४ मध्ये अपिलातही हरले, आणि राज्याच्या न्यायालयातही त्याच वर्षी त्यांनी कायदा मोडल्याचा निकाल लागला.

आणि वुडसाइडची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. सिलिकॉन व्हॅलीच्या धनाढ्यांचं छोटं गाव. राज्यानं २०२१ मध्ये कायदा केला की जिथं एका प्लॉटवर एकच घर चालत होतं तिथं मालकाला दोन घरं बांधता येतील, प्लॉटचे दोन भागही करता येतील. एक भाग किमान १,२०० चौरस फुटांचा, म्हणजे आपल्या गुंठ्याहून थोडा जास्त. १ जानेवारी २०२२ पासून कायदा लागू. वुडसाइडनं काय शोधून काढावं? कायद्यात संरक्षित वन्य प्राण्यांच्या अधिवासाला सूट होती. गावानं जाहीर केलं की आमचं सगळं गावच डोंगरी सिंहाचा अधिवास आहे, म्हणून इथं दुसरं घर चालणार नाही! मोठे बंगले, पोहण्याचे तलाव, टेनिसची मैदानं सिंहाला चालतात, फक्त दुसरं घर चालत नाही. राज्याचे महान्यायवादी रॉब बॉन्टा यांनी फेब्रुवारीत एक पत्र लिहिलं आणि काही दिवसांत सिंह आपल्या डोंगरात परत गेला. आपल्याकडे रानडुक्कर आणि रोही रात्रीतून कपाशी झोपवतात, तेव्हा आपल्या वावराला कुणाचा अधिवास म्हणायचं हे विचारायला कोणी येत नाही, एवढंच इथं नोंदवून ठेवतो.

पण आम्हाला सगळ्यात शिकण्यासारखं वाटलं ते परसातल्या घराचं प्रकरण. मोठ्या योजना वर्तमानपत्रात येतात, माणसाचं आयुष्य बदलतं ते अशा लहान गोष्टींनी.

समजा तिथं एखाद्याचा पाच-सहा हजार चौरस फुटांचा प्लॉट आहे, आपल्या हिशेबानं पाच गुंठ्यांच्या आसपास. पुढं घर, मागं परस, कडेला मोटारीची खोली. म्हातारी आई एकटी पडली, तिला जवळ आणायचंय. किंवा मुलाचं लग्न झालं आणि शहरात भाडं परवडत नाही. परसात दोन खोल्या काढाव्या, एवढंच. आपल्याकडे असा प्रसंग आला तर माणूस गोठा हलवतो आणि भिंत घालतो. तिथं नगरपालिका आडवी यायची. १९८२ मध्येच राज्यानं म्हटलं होतं की असं दुसरं घर द्यायला हरकत नाही. मग नगरपालिकांनी नाही म्हणणं सोडलं आणि हो म्हणत नाही करायला सुरुवात केली. प्लॉट अमुक मोठा असेल तरच. आणखी एक मोटार उभी करायची जागा दाखवाल तरच. कुंपणापासून इतके फूट सोडाल तरच. मालक स्वतः तिथं राहत असेल तरच. शेजाऱ्यांची सुनावणी होईल तरच. आणि शेवटी पाणी, रस्ता, शाळा यांच्या नावानं अशी फी की खोल्यांपेक्षा फी जड.

राज्याच्या विधिमंडळानं एक दार बंद केलं की नगरपालिका दुसरं शोधायची. २००२ मध्ये कायदा केला की सुनावणी नको, अटी जुळल्या की टेबलावरच परवाना द्या. नगरपालिकांनी अटीच अशा लिहिल्या की जुळूच नयेत. मग २०१६ मध्ये, पुन्हा २०१९ मध्ये, अटी राज्यानंच लिहिल्या. ८०० चौरस फुटांपर्यंतचं, म्हणजे पाऊण गुंठ्याच्या आतलं, १६ फूट उंचीचं घर, बाजूला आणि मागं चार-चार फूट सोडली असतील तर कोणताही स्थानिक नियम सांगून अडवता येणार नाही. प्लॉट किमान किती मोठा हवा ही अट रद्द. मोटारीच्या खोलीचं घर केलं तर मोटारीसाठी बदली जागा मागायची नाही. ७५० चौरस फुटांच्या आतल्या घरावर शहराच्या वाढीपोटी घेतली जाणारी फी नाही. ६० दिवसांत निर्णय. दिला नाही तर अर्ज मंजूर समजायचा.

आणि आता मुख्य मुद्दा. शहरानं आपला नियम दुरुस्त केला की ठराव झाल्यापासून ६० दिवसांत तो राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे पाठवायचा. खातं ओळीनं वाचतं. इथं तुम्ही पाच फूट लिहिलंय, कायदा चार म्हणतो. इथं तुम्ही शेजाऱ्याची संमती मागितली आहे, काढा. असं पत्र नगरपालिकेला येतं. दुरुस्त करा, नाहीतर तुमचा सगळा नियम बाद आणि राज्याचाच नियम लागू. नियम दुरुस्त करणं म्हणजे फक्त नवं छापलेलं पुस्तक नव्हे. खिडकीवर बसलेल्या कारकुनासमोर जो कागद आहे तो कायद्याशी जुळतो की नाही, हे कोणीतरी वरून दरवेळी तपासतंय, असा त्याचा अर्थ आहे. २०२३ च्या आणखी एका कायद्यानं सांगितलं की १ जानेवारी २०२५ पर्यंत प्रत्येक शहरानं अशा घरांचे आधीच मंजूर केलेले नकाशे तयार ठेवावेत, म्हणजे मालकानं नकाशा घ्यावा आणि कामाला लागावं.

फळ काय? २०१६ च्या आसपास सगळ्या राज्यात वर्षाला अशा घरांचे हजार-दीड हजार परवाने निघत होते. २०२२ पर्यंत ते वीस हजारांच्या वर गेले. सरकारनं एक वीट रचली नाही. अडवणं थांबवलं, एवढंच केलं.

ज्या बर्कलेनं १९१६ मध्ये एका प्लॉटवर एकच घर हा नियम आणला, त्याच शहराच्या परिषदेनं फेब्रुवारी २०२१ मध्ये तो नियम माणसांना बाहेर ठेवण्यासाठी वापरला गेल्याचं ठरावात मान्य केलं, आणि २०२५ मध्ये बहुतेक वस्त्यांत लहान इमारतींना वाट मोकळी केली. शंभरावर वर्षं लागली.

शेतमजुरांच्या घरांबद्दल बोललो नाही तर शेतकऱ्यांच्या सभेत बोललो असं होणार नाही. कॅलिफोर्नियात भाजी, द्राक्ष, स्ट्रॉबेरी हातानं तोडावी लागते. मजूर मेक्सिकोतून येतात. पाहुणा मजूर म्हणून परवान्यावर आणलेल्या मजुराला राहायची जागा मालकानं फुकट द्यावी असा अमेरिकेचा कायदा आहे. मालक खोल्या बांधायला निघाला की स्थानिक कचेरी म्हणायची, ही शेतजमीन आहे, इथं वसाहत चालणार नाही, खास परवानगी घ्या, सुनावणी घ्या. सुनावणीला आजूबाजूचे बंगलेवाले हजर. त्यांना स्ट्रॉबेरी हवी, तोडणारा नको. राज्याच्या कायद्यानं ठरवलं की ३६ खाटांपर्यंतची किंवा १२ कुटुंबांपर्यंतची शेतमजुरांची वसाहत म्हणजे शेतीचाच वापर. जिथं शेतीला परवानगी लागत नाही तिथं तिलाही वेगळी लागणार नाही. आजही तिथल्या कितीतरी नगरपालिका नियम दुरुस्त करतात तेव्हा हे वाक्य नव्यानं घालावं लागतं, कारण जुन्या पुस्तकात ते नव्हतंच. आपल्या सालगड्याची खोली, जागल्याची खोपडी ही शेतीचाच भाग आहे, हे आपल्याला कुणी कायद्यानं शिकवावं लागत नाही. तिथं लागलं.

आणि लागलं ते उगीच नाही. जानेवारी २०२३ मध्ये हाफ मून बे या किनाऱ्याच्या गावाजवळ अळिंबीच्या शेतांवर गोळीबार झाला, सात मजूर मेले. पोलीस आणि पुढारी तिथं गेले तेव्हा मजूर कशात राहतात हे सगळ्या राज्यानं पाहिलं. मोडक्या झोपड्या, मालवाहू डबे. सगळे हळहळले. त्याच गावात म्हाताऱ्या शेतमजुरांसाठी पाच मजली, चाळीस घरांची इमारत सुचवली गेली. २०२४ मध्ये गावच्या नियोजन समितीत तीवर महिनोन्‌महिने काथ्याकूट चालला. उंची फार आहे, मोटारी कुठं लावायच्या, गावाची शोभा जाईल. राज्यपालांनी जाहीरपणे कान उपटले तेव्हा मंजुरी मिळाली. जन्मभर वाकून तोडणी केलेल्या माणसाच्या घराला गावाची शोभा आडवी आली, हे विसरण्यासारखं नाही.

आता दुसरी बाजू, कारण आपण एकतर्फी बोलायची सवय लावून घेऊ नये. हंटिंग्टन बीचचे लोक म्हणतात, आमच्या गावाचा कारभार आम्ही ठरवू, राजधानीतल्या बाबूनं का ठरवावा? हे वाक्य आपल्याच तोंडचं आहे. मुंबई-दिल्लीचा हुकूम आला की आपणही हेच म्हणतो. पाणी कुठून आणायचं, गटार पुरेल का, वणव्याच्या वेळी अरुंद रस्त्यानं माणसं बाहेर कशी निघतील, हे त्यांचे प्रश्नही खोटे नाहीत. त्या राज्यात वणव्यानं गावंच्या गावं जळाली आहेत. मग आम्ही राज्याच्या बाजूनं का झुकतो? इथं हुकूम कशाचा आहे ते बघा. राज्य घरमालकाला सांगत नाही की तू परसात खोल्या बांधच. ते नगरपालिकेला सांगतं की त्याला बांधायचं असेल तर अडवू नको. निर्णय खाली येतो तो नगरपालिकेच्याही खाली, जमिनीच्या मालकापर्यंत. विकेंद्रीकरण मधल्या पायरीवर थांबवून ठेवलं तर वरचा परवानेवाला गेला आणि खालचा आला, इतकंच होतं. जिल्हाबंदीचा परवाना तहसीलदारानं दिला काय आणि मंत्र्यानं दिला काय, पोतं अडकायचं ते अडकायचंच.

तरी एवढ्यानं सगळं सुटलं असंही नाही. २५ लाखांचा आकडा आठ वर्षांत गाठायचा तर वर्षाला तीन लाखांवर घरं हवीत; तिथं वर्षाला साधारण लाखभरच होताहेत. व्याज महाग, मजुरी महाग, लाकूड महाग. प्लॉटचे दोन भाग करण्याच्या कायद्याचा फायदा फार थोड्यांनी घेतला. कूपर्टिनो शहरात, जिथं आपली कितीतरी मराठी मुलं संगणकाच्या नोकरीवर आहेत, २०१८ मध्ये एका जुन्या बाजारपेठेच्या जागी राज्याच्या कायद्याखाली २,४०२ घरं मंजूर झाली. परवाना हातात आला म्हणून घर उभं राहत नाही, हे त्या जागेनं नंतर बरीच वर्षं दाखवलं. परवाना नसला तर मात्र नक्कीच राहत नाही.

आणि शेतजमिनीचं काय? सोलानो नावाच्या तालुक्यात, तिथं त्याला काउंटी म्हणतात, एका कंपनीनं २०१८ पासून गुपचूप जमीन घ्यायला सुरुवात केली. पन्नास हजार एकरांवर! कोण घेतंय कुणाला कळेना. २०२३ मध्ये उघड झालं की सिलिकॉन व्हॅलीचे धनिक नवं शहर बसवणार आहेत. बाजारभावाच्या कितीतरी पट पैसे दिले. काही शेतकऱ्यांनी भाव ताणला तर कंपनीनं त्यांच्यावरच, तुम्ही संगनमतानं भाव वाढवला म्हणून, ५१ कोटी डॉलरचा दावा लावला. खरेदीदार गुप्त राहून एकत्र घेतो तो व्यापार, आणि विकणारे दोघे धुऱ्यावर उभे राहून बोलले तर ते संगनमत! सोलानोत १९८४ पासून नियम आहे की शहराबाहेरच्या शेतजमिनीवर वस्ती बसवायची तर मतदारांना विचारावं लागेल. २०२४ मध्ये कंपनीनं तो प्रश्न मतदानाला टाकला आणि वारं पाहून जुलैत मागं घेतला. पुढं शेजारच्या सुईसन सिटीच्या हद्दीतून शिरायची खटपट सुरू केली. कुणी चांगल्या भावानं जमीन विकली तर आम्ही त्याला नावं ठेवणार नाही. शेतीत काय उरतं ते आम्हाला ठाऊक आहे. पण सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या शहरांनी आपल्याच हद्दीत माणसांना जागा दिली असती तर कोरड्या गवताळ माळावर शहर बसवायची कल्पना कुणाला सुचली असती का, हा प्रश्न उरतोच.

आता आपल्या वावरात या. शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर शेतीशिवाय काही करायचं तर १९६६ च्या महसूल संहितेप्रमाणे अकृषिक परवानगी, म्हणजे एनए, लागायची. ती न मिळाल्यानं आणि शहरात घर न परवडल्यानं लोकांनी गुंठ्या-गुंठ्यानं जमिनी घेतल्या. त्यातून शहरांभोवती गुंठेवारी वाढली, २००१ मध्ये ती नियमित करायला कायदा करावा लागला, आणि २०२१ मध्ये त्याची तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं न्यावी लागली. नियम इतके घट्ट की ते पाळताच येत नाहीत, मग मोडणाऱ्यांना दर वीस वर्षांनी माफी. २०१४ पासून संहितेत एकामागून एक नवी कलमं आली. विकास आराखड्यातल्या जमिनीला वेगळी एनए नको, पुढं गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन कर भरला की राहण्यासाठी बदललेली मानायची. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही भाग सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली आली. म्हणजे वरचा कागद आपल्याकडेही बदलला.

पण खिडकीवरचा कागद? आम्ही गावोगाव बसतो तेव्हा ऐकतो. गावठाणाला लागून दहा गुंठे आहेत, मुलाला दोन खोल्या काढायच्यात, कचेरीत गेलो तर म्हणे मोजणीचा नकाशा आणा. आणला. मग म्हणे गावठाणाची हद्दच निश्चित नाही. मग अमुक खात्याचा ना-हरकत. मग साहेब दौऱ्यावर. कॅलिफोर्नियात नगरपालिकेला दरवर्षी १ एप्रिलपर्यंत राज्याला हिशेब द्यावा लागतो, किती अर्ज आले, किती मंजूर, किती अडले. आपल्या कचेरीला तसा हिशेब कोणी मागितला आहे का?

तो आपण मागायला सुरुवात करू. ज्यांनी गेल्या पाच वर्षांत घरासाठी, गोठ्यासाठी, गोदामासाठी, दुकानासाठी आपल्या जमिनीवर परवानगी मागितली त्यांनी पुढच्या बैठकीला येताना सातबारा, गाव नमुना आठ-अ, अर्जाची पोच आणि आलेलं प्रत्येक पत्र यांच्या झेरॉक्स आणाव्या. पोच मिळाली नसेल तर तेही लिहून आणावं. तालुकावार वह्या केल्या आहेत. एका रकान्यात अर्जाची तारीख, दुसऱ्यात मागितलेला प्रत्येक कागद आणि तो कुठल्या नियमानं मागितला, तिसऱ्यात निर्णयाची तारीख. ज्यांना नियमाचा क्रमांक सांगितला गेला नाही त्यांनी माहितीच्या अधिकारात तो विचारायचा अर्ज करावा. अर्जाचा नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायला विसरू नका. बायांच्या नावावर जमीन आहे त्या अर्जांची वही वेगळी आहे, ती महिला आघाडीकडे द्यावी.